बाज आणि तिचा दोर

इतिहास म्हटला, कीं सिंहासनाचें वर्णन येतें. बाजेचें येत नाहीं. राजाच्या आसनाला कोणतीं रत्नें जडविलीं होतीं, याची नोंद बखरकार आवर्जून करतो. परंतु ज्या आठ लांकडांच्या आणि एका दोराच्या वस्तूवर रयतेच्या असंख्य पिढ्या जन्मल्या, निजल्या, आजारी पडल्या आणि आजारांतून उठल्या, त्या वस्तूची दखल घेण्याचें कारण त्यास कधीं पडलें नाहीं. याचें एक कारण असें, कीं जी वस्तु घरोघरीं असते ती कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीं. दुसरें कारण अधिक खोल आहे. बाजेचा इतिहास लिहावयाचा म्हणजे ती कोणीं विणली, तिच्यावर कोण बसलें आणि कोणाला बसूं दिलें नाहीं, हेंही लिहावें लागतें. आणि तो भाग समाजाला फारसा सुखावह नाहीं.

पूर्वींच्या अहमदनगर आणि आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत, श्रीगोंदा तालुक्यांत, काष्टी हें गांव दौंड-मनमाड लोहमार्गावर वसलेलें आहे. हा लोहमार्ग १८७८ सालीं सुरू झाला. त्यामुळें गांवाला स्टेशन मिळालें खरें. परंतु काष्टीचें नांव पंचक्रोशीबाहेर गेलें तें तेथील शनिवारच्या जनावरांच्या बाजारामुळें. बैलांचा बाजार म्हटला, कीं दोराचा व्यापार त्याच्या पाठोपाठ आलाच. वेसण, कासरा आणि दावें यांवांचून विकत घेतलेला बैल घरीं नेतां येत नाहीं. आणि जो दोर बैलाला आवरतो, त्याच जातीचा, त्याच हातांनीं वळलेला दोर बाजेलाही ताणून धरतो. बैलाच्या पायाला खूर म्हणावें आणि बाजेच्या पायालाही खूरच म्हणावें, हा भाषेचा व्यवहारही या दोहोंचें शेजार दाखवितो. म्हणून काष्टीसारख्या बाजाराच्या गांवीं उभें राहून बाजेचा इतिहास पाहूं लागलें, म्हणजे त्याचीं दोन टोंकें हातीं येतात: एक लांकडाचें, दुसरें दोराचें. पहिलें टोंक सुताराच्या घरीं नेतें. दुसरें नेतें तें गांवकुसाबाहेर.

प्रथम लांकडाचें टोंक घेऊं. बाजेची घडण पाहतां पाहतां संपते, इतकी ती साधी आहे. चार खूर आणि त्यांना जोडणाऱ्या चार आडव्या दांड्या. या दांड्यांस गात असें म्हणतात. लांबी सुमारें चार हात, रुंदी दोन हात आणि उंची हातभर. प्रत्येक खुराला लगतच्या दोन बाजूंनीं भोंकें पाडलेलीं असतात, आणि दांड्यांचीं टोंकें तासून त्यांत बसविलेलीं असतात. खिळा नाहीं, सरस नाहीं, लोखंडाची पट्टी नाहीं. नुसती चौकट उभी केली तर ती हालते, डुगडुगते. परंतु तिच्यावर दोर ताणून विणला, कीं त्या ताणानें चारी दांड्या आंतल्या बाजूस ओढल्या जातात, सांधे आवळले जातात आणि खूर जागच्या जागीं उभे राहतात. माणूस वर निजला म्हणजे ताण वाढतो आणि चौकट अधिकच घट्ट होते. ज्या भारानें दुसरी एखादी वस्तु खिळखिळी व्हावी, त्याच भारानें बाज बळकट होते. सुताराचें काम दोर पुरें करतो, म्हणून बाजेच्या बाबतींत लांकूड आणि दोर यांतील श्रेष्ठ कोण, हा प्रश्नच उरत नाहीं.

विणीची युक्तिही तितकीच विचाराची आहे. दोर एका कोंपऱ्यापासून तिरका नेऊन समोरच्या दांडीवर घेतात आणि परत आणतात. दोन-दोन किंवा अधिक पदर एकदम धरून वरखालीं गुंफीत जातात. मात्र पायथ्याकडे सुमारें हातभर जागा मोकळी सोडलेली असते. तेथें विणलेला भाग आणि शेवटची दांडी यांच्यामध्यें सरळ दोर ओंवलेला असतो. वापरानें वीण सैल पडली आणि बाजेला झोळ आला, म्हणजे सगळी बाज उसवावी लागत नाहीं. हा पायथ्याचा दोर तेवढा एकेक पदर धरून ओढावयाचा आणि गांठ मारावयाची. घरांतला दहा-बारा वर्षांचा मुलगा हें काम करूं शकतो. दुरुस्तीची सोय मूळ घडणींतच करून ठेवलेली अशी दुसरी वस्तु शेतकऱ्याच्या घरांत क्वचितच सांपडेल.

लांकूड बहुधा बाभळीचें. श्रीगोंद्याचा मुलूख अवर्षणाचा. सागवान तेथें विकतचें. बाभूळ बांधावर आपोआप वाढते, कठीण असते आणि गाडीच्या चाकापासून नांगरापर्यंत सर्वत्र चालते. तिच्याच उरल्यासुरल्या तुकड्यांतून खूर निघतात. दांड्यांसाठीं कोठें बाभूळ, कोठें लिंब, तर कोठें हलका म्हणून बांबू घालतात. अशी बाज एकटा माणूस उचलून अंगणांत नेतो आणि सकाळीं भिंतीशीं उभी करून ठेवतो. ती उंच असते म्हणून साप-विंचवाचें व ओलीचें भय कमी होतें. विणीला छिद्रें असतात म्हणून उन्हाळ्यांत खालूनही वारा लागतो. आणि दोर स्वतःच लवचिक असतो म्हणून गादीवांचून निभतें.

हा शेवटचा गुण परदेशीय प्रवाशाच्याही नजरेंतून सुटला नाहीं. मोरोक्कोचा इब्न बतूता १३३३ सालीं हिंदुस्थानांत आला, मुहम्मद तुघलकाच्या पदरीं राहिला आणि पुढें दक्षिणेकडे जातांना दौलताबादेसही गेला. या देशांतील शय्येचें त्यानें जें वर्णन केलें आहे, तें जवळजवळ बाजेचेंच आहे. ती इतकी हलकी, कीं एकच माणूस ती वाहतो. प्रवासाला निघणारा प्रत्येक जण आपली शय्या बरोबर घेतो आणि त्याचा दास ती डोक्यावरून नेतो. निमुळते चार पाय, चार दांड्या आणि त्यांवर रेशमी किंवा सुती पट्ट्यांची वीण. तिच्यावर निजणाऱ्याला मऊपणासाठीं आणखी कांहीं अंथरावें लागत नाहीं, असा त्याचा आशय आहे. त्याची शय्या सरदारांची होती म्हणून तिला रेशीम होतें. रयतेच्या बाजेला अंबाडी होती. घडण एकच.

ही घडण त्याच्याही पुष्कळ आधींची आहे. संस्कृतांत तिला खट्वा म्हणत. मराठींतील खाट हा त्याच शब्दाचा वंशज. मंच या दुसऱ्या शब्दापासून माचा आणि माची हे शब्द आले. व्याकरणकार पाणिनीला या खट्वेसाठीं एक स्वतंत्र सूत्र रचावें लागलें, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. निंदा करावयाची असतां या शब्दाचा समास कसा होतो, तें त्या सूत्रांत सांगितलें आहे. त्याचें उदाहरण खट्वारूढ, म्हणजे खाटेवर चढून बसलेला. खाटेवर बसण्यांत निंदेसारखें काय आहे, याचा उलगडा पतंजलीच्या महाभाष्यांत होतो. अध्ययन संपवून, स्नान करून आणि गुरूची आज्ञा घेऊन मग शिष्यानें खाटेवर बसावें, अशी रीत होती. जो त्याआधींच चढून बसला, तो मर्यादा सोडणारा. म्हणून खट्वारूढ ही शिवीच झाली. बौद्ध भिक्षूंच्या विनयांतही असाच एक नियम आहे. भिक्षूच्या मंचाचे पाय आठ अंगुळांहून उंच असूं नयेत, आणि असतील तर ते कापून टाकावेत. उंच शय्या हें तेथें विलासाचें आणि अभिमानाचें चिन्ह मानलें आहे.

या दोन उदाहरणांवरून एक गोष्ट दिसून येते. या देशांत खाट ही केवळ निजण्याची सोय कधींच नव्हती. जमिनीपासून हातभर उंच होणें म्हणजे समाजांत हातभर उंच होणें, असें समीकरण फार प्राचीन काळापासून बसलें होतें. शिष्य आणि भिक्षु यांना तें समीकरण कांहीं काळ किंवा स्वेच्छेनें पाळावें लागे. ज्यांना तें जन्मभर आणि बळजबरीनें पाळावें लागलें, त्यांची गोष्ट पुढें येईल.

मधल्या काळांत खाटेनें समुद्र ओलांडला. मलयाळी भाषेंत खाटेला कट्टिल म्हणतात. तो शब्द उचलून पोर्तुगीजांनीं कात्रे असा केला. इंग्रज व्यापाऱ्यांनीं उत्तरेकडून खाट हा शब्द घेतला आणि त्याचा कॉट केला. पुढें त्यांच्या जहाजांवर अधिकाऱ्यांसाठीं टांगलेल्या कापडी बिछान्याला तेंच नांव मिळालें, आणि इंग्लंडांत तान्ह्या मुलाच्या कठड्याच्या बिछान्यालाही. यूल आणि बर्नेल यांचा अँग्लो-इंडियन शब्दांचा जो प्रसिद्ध कोश १८८६ सालीं निघाला, त्यांत या शब्दाची ही वंशावळ नमूद आहे. इकडे लोखंडी नळ्यांचे पलंग इस्पितळांत आणि वसतिगृहांत येऊं लागले, तेव्हां मराठी माणसानें त्यांना कॉट म्हटलें आणि आपण एक इंग्रजी शब्द शिकलों असें त्यास वाटलें. आपलीच खाट साहेबाच्या पोषाखांत परत आल्याचें त्याच्या ध्यानींही आलें नाहीं.

गांवांत मात्र बाज बाजच राहिली आणि दिवसभर कामाला जुंपलेली राहिली. पलंग रात्रीपुरता असतो. बाजेला विश्रांति नाहीं. उजाडतांच अंथरूण गुंडाळून ती भिंतीशीं उभी केली, कीं खोली मोकळी होते. पाहुणा आला, कीं तीच आडवी पडून बैठक होते. उन्हाळ्यांत तिच्यावर जुनें धोतर किंवा लुगडें पसरून शेवया, पापड आणि कुरडया वाळत घालतात. खालून वारा लागत असल्यामुळें त्या लवकर वाळतात, आणि कोंबड्यांची चोंच तेथवर पोंचत नाहीं. तिच्याच खालीं कापडाची झोळी बांधली, कीं तान्ह्या मुलाचा पाळणा होतो: वर वाळवण, खालीं बाळ. सुगीच्या दिवसांत ती खळ्यावर राखणीला जाते. ऊंसतोडीच्या हंगामांत बैलगाडीवर चुलीच्या आणि भांड्यांच्या जोडीला एखादी बाज बांधलेली दिसते. परमुलुखांत सहा महिने काढावयाचे, तर घरांतून न्यावयाच्या मोजक्या वस्तूंत तिचा क्रम वरचा लागतो.

माणूस अत्यवस्थ झाला आणि वाट गाडीची नसली, कीं हीच बाज चौघांच्या खांद्यावर चढते आणि दवाखान्याकडे निघते. सह्याद्रींतील व सातपुड्यांतील कांहीं वाड्यापाड्यांवरून आजही रुग्ण याच रीतीनें रस्त्यापर्यंत आणावा लागतो. जगण्याची आशा संपली, तर जुन्या रिवाजाप्रमाणें माणसाला बाजेवरून खालीं उतरवून जमिनीवर घेत. खाटेवर प्राण जाणें अशुभ मानीत. म्हणजे बाज मनुष्याला थेट मृत्यूच्या उंबरठ्यापर्यंत सोबत करी आणि तेथें त्याला भूमीच्या स्वाधीन करून परत फिरे. दुसऱ्या दिवशीं ती धुवून उन्हांत टाकली जाई.

तिचे दोषही सांगितले पाहिजेत. सैल पडलेली बाज पाठीचा कणा दुखविते. आणि ढेकणांना तिच्यासारखें आश्रयस्थान नाहीं. खुरांच्या भोंकांत आणि विणीच्या पिळांत ते अशा बंदोबस्तानें राहतात, कीं कडकडीत उन्हांत टाकून, खूर जमिनीवर आपटून आणि सांध्यांत उकळतें पाणी ओतूनही त्यांचें पुरतें निर्मूलन होत नाहीं. राजाच्या शय्येंत राहणाऱ्या उवेची आणि तिच्याकडे पाहुणा म्हणून आलेल्या ढेकणाची गोष्ट पंचतंत्रांत आहे. तेव्हां या बाबतींत राजा आणि रंक यांत फरक नव्हता, एवढेंच समाधान.

परंतु बाजेचें सर्वांत महत्त्वाचें काम बाळंतिणीच्या खोलींत असे. घरांतील इतर माणसें घोंगडीवर किंवा वाकळेवर निजत, तरी बाळंतिणीला बाज मिळाली पाहिजे, असा दंडक होता. खोली अंधारी, दार लोटलेलें, कोनाड्यांत दिवा; आणि बाजेखालीं निखाऱ्यांची शेगडी. निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशोपा असें कांहीं टाकीत, आणि त्याची ऊब व धुरी विणीच्या छिद्रांतून बाळंतिणीच्या पाठीला व कंबरेला पोंचे. फळ्यांच्या पलंगावर हा शेक देतां आला नसता. त्यासाठीं दोराचीच वीण पाहिजे. श्रमलेल्या शरीराला त्या उबेनें बरें वाटे यांत शंका नाहीं. परंतु कोंडलेल्या खोलींतील धूर आणि निखाऱ्यांचा विषारी वायु आई व बाळ या दोघांनाही घातक, हें वैद्यकानें पुढें दाखवून दिलें. शिक्षित दाया आणि प्रसूतिगृहें आलीं, तशी ही बाज मागें पडली. तरीही आजच्या आजीबाईंना बाळंतपण म्हटलें, कीं बाज आणि शेगडी आठवतेच.

आतां दोराचें टोंक. बाज सुताराकडून आली तरी ती नुसती चौकट. तिला बाजपण येई तें दोरानें. हा दोर कशाचा? कोंकणांत नारळाच्या काथ्याचा. देशावर अंबाडीचा, तागाचा आणि घायपाताचा. अंबाडी शेताच्या कडेनें पेरीत. तिच्या काड्या कित्येक दिवस पाण्यांत कुजवून साल सोलून काढीत. घायपाताचीं कांटेरी पातीं कुजवून, बडवून आंतला पांढरा वाख मोकळा करीत. हें घायपात मूळचें अमेरिका खंडांतलें आहे. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीपूर्वीं तें हिंदुस्थानांत कोणाच्या दृष्टीस पडलें नव्हतें. म्हणजे देशी वाटणारा हा पांढरा दोर परक्या झाडाचा, आणि विलायती वाटणारी कॉट मात्र आपल्या खाटेची लेक! वस्तूंचा इतिहास असा अभिमान्यांची फजिती करणारा असतो.

वाख मोकळा झाला, कीं तो वळावयाचा. एकानें टोंक धरावें, दुसऱ्यानें पीळ द्यावा, आणि दोन-तीन पदर एकत्र करून पुन्हा उलटा पीळ द्यावा, म्हणजे चऱ्हाट तयार होतें. वाखाच्या कुसळांनीं तळहात सोलतात, आणि कुजलेल्या अंबाडीची घाण अंगाला दिवसेंदिवस राहते. महाराष्ट्राच्या गांवगाड्यांत हें काम मातंग समाजाकडे होतें. जुन्या कागदपत्रांत त्यांस मांग म्हटलें आहे. शेतकऱ्याला लागणारे कासरे, नाडे आणि दावीं त्यांनीं पुरवावयाचीं, आणि सुगीच्या वेळीं खळ्यावरून धान्याच्या रूपानें आपलें बलुतें न्यावयाचें. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या 'गांवगाडा' या ग्रंथांत या देवघेवीच्या व्यवस्थेची आणि तिच्यांतील ओढाताणीची साक्षेपी चिकित्सा आहे.

या व्यवस्थेंतील विसंगति बाजेपाशीं जितकी उघड होते तितकी दुसरीकडे क्वचित् होते. मातंगाच्या हातचा दोर घरांत चाले. त्याच्या हातचें पाणी चालत नसे. त्यानें बांधलेली केरसुणी दिवाळींत लक्ष्मी म्हणून पूजिली जाई; तो स्वतः उंबऱ्याबाहेर उभा राही. त्यानें वळलेल्या दोराच्या बाजेवर पाटलाचा मुलगा जन्माला येई. परंतु त्या बाजेवर बसण्याचा अधिकार त्यास नव्हता. इतकेंच नव्हे, तर कित्येक गांवीं स्वतःच्या झोपडीपुढें बाज टाकून तो बसला आणि वाटेनें वरच्या जातीचा माणूस आला, तर त्यास उठून उभें राहावें लागे. ज्याच्या दोरानें सारा गांव जमिनीपासून हातभर उंच निजे, तो स्वतः जमिनीवर बसे.

ही रूढि आकाशांतून पडलेली नव्हती. मनुस्मृतींत तिचा आधार आहे. हलक्या मानलेल्या जातींतला मनुष्य उच्च जातीच्या माणसाबरोबर एका आसनावर बसूं पाहील, तर त्याची कंबर डागून त्यास हद्दपार करावें, अशी शिक्षा तींत सांगितली आहे. ही शिक्षा किती राजांनीं प्रत्यक्ष अमलांत आणली, हा वेगळा विषय; परंतु ज्या मनांतून ती निघाली, तें मन गांवोगांवच्या ओट्यावर आणि बाजेवर शेंकडों वर्षें बसून होतें.

याविषयीं बाजेवर बसणारांनीं लिहून ठेवलें नाहीं, परंतु दोर वळणारांच्या घरांतून एक लेखी साक्ष आली आहे. अमेरिकन मिशनऱ्यांनीं १८४२ सालीं अहमदनगर येथें 'ज्ञानोदय' हें पत्र सुरू केलें. त्या पत्रांत १८५५ सालीं मांग-महारांच्या दुःखाविषयीं एक निबंध प्रसिद्ध झाला. तो लिहिणारी होती मुक्ता साळवे, पुण्यास जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेंत शिकणारी, जेमतेम चौदा वर्षांची मातंग मुलगी. आपल्या लोकांवरील अनेक जुलुमांची हकीकत तिनें निर्भयपणें सांगितली आहे. परंतु त्यांतील एक मुद्दा येथें विशेष महत्त्वाचा आहे. आपल्या समाजाच्या स्त्रिया बाळंत होतात तेव्हां त्यांच्या घरावर छप्परसुद्धां नसतें, आणि थंडी, वारा व पाऊस यांनीं त्यांचे किती हाल होत असतील, याचा विचार स्वतःच्या अनुभवावरून करा, असें तिनें आपल्या वाचकांस विनविलें आहे.

हा मुद्दा बाजेशेजारीं ठेवून पाहावा. गांवांतील प्रत्येक बाळंतिणीला बाज पाहिजे, हा दंडक; त्या बाजेचा दोर मातंगांच्या घरून येणार, हाही दंडक. आणि ज्या घरून तो दोर येतो, त्या घरची बाळंतीण भिजत्या जमिनीवर. मुक्ता साळवे हिनें बाजेचें नांव घेतलेलें नाहीं. तिला छपराचीच चिंता होती. परंतु बाजेचा इतिहास लिहितांना तिचा निबंध वगळला, तर तो इतिहास अर्धाच राहील, आणि तो अर्धा भाग खोटा ठरेल.

पुढील शतकांत हें चित्र पालटूं लागलें. २५ डिसेंबर १९२७ रोजीं महाड येथें डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखालीं मनुस्मृतीचें जाहीर दहन झालें. २६ जानेवारी १९५० पासून अमलांत आलेल्या राज्यघटनेनें अस्पृश्यता नष्ट केली आणि तिचें पालन हा गुन्हा ठरविला. कायद्यानें सर्वांना एका बाजेवर बसविलें. मनानें बसण्यास अधिक वेळ लागला, आणि तें काम सर्वत्र पुरें झालें आहे असें म्हणणें धाडसाचें होईल. बाजेवर बसण्याच्या मानापमानाची एक छोटी आवृत्ति तर घरांतल्या घरांतही होती. सासरे ओसरीवर असतां सुनेनें बाजेवर बसूं नये, हा नियम सुखवस्तु घरांतही पाळला जाई. बाजेवर बसण्याचा तिचा निर्विवाद हक्क बाळंतपणाच्या दिवसांपुरता; एरव्हीं बाज झटकणें, उचलणें आणि वाळवण घालणें एवढाच तिचा तिच्याशीं संबंध.

वस्तूंतही पालट झाला. शहरांत सुती नवारीचे पलंग आले, मग लोखंडी कॉट आल्या. मुंबईच्या चाळींत घडीची कॉट दिवसभर भिंतीशीं उभी राही आणि रात्रीं गॅलरींत पसरली जाई; म्हणजे नांव बदललें तरी दिनक्रम बाजेचाच होता. पुढें दिवसा बैठक आणि रात्रीं शय्या असा दुहेरी उपयोगाचा सोफा दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत शिरला आणि जाहिरातींनीं त्यास नवा शोध म्हणून मिरविलें. जें काम बाभळीच्या आठ लांकडांनीं केलें, त्याला आतां स्क्रू, स्प्रिंगा आणि बिजागऱ्या लागतात. आणि बिघडला तर तो दुरुस्त करणें दहा वर्षांच्या मुलाच्या हातचें काम राहिलेलें नाहीं. गांवांतही बाभळीच्या जागीं लोखंडी नळी आणि अंबाडीच्या जागीं नायलॉनची रंगीत पट्टी आली. ती कुजत नाहीं आणि पावसांत भिजली तरी बिघडत नाहीं. २०१७ सालीं ऑस्ट्रेलियांत एकानें लांकडी चारपाई तयार करून ९९० डॉलरांस विकावयास काढली, तेव्हां भारतांतील वर्तमानपत्रांनीं त्या किंमतीचें मोठें कौतुक केलें. ती घडण कोठून गेली हें सर्वांनीं सांगितलें. तिचा दोर कोणीं वळला, हें मात्र कोणीं विचारलें नाहीं.

नायलॉन आल्यानें मातंगांचा दोराचा धंदा बसला. कुजक्या वाखाची घाण आणि तळहाताचीं सालटीं गेलीं, याबद्दल कोणीं खेद करूं नये. ज्या मुलांना तो पीळ देत बालपण घालवावें लागलें असतें तीं शाळेंत गेलीं, तर तें चांगलेंच झालें. परंतु त्या हातांत जें ज्ञान होतें, म्हणजे कोणता वाख किती दिवस कुजवावा, पीळ कोठें थांबवावा, ताण किती द्यावा म्हणजे सांधा आवळेल पण लांकूड फुटणार नाहीं, त्याची नोंद कोणत्याही ग्रंथांत नीटशी झालेली नाहीं. ज्यांच्याकडे तें ज्ञान होतें त्यांना लिहूं दिलें नव्हतें, आणि ज्यांना लिहितां येत होतें त्यांना तें ज्ञान हलकें वाटत होतें. विद्या आणि हात यांच्यामध्यें जी भिंत या समाजानें बांधली, तिचें नुकसान दोन्ही बाजूंना झालें.

काष्टीच्या शनिवारच्या बाजारांत आजही बैल येतात, पूर्वींइतके नसतील, आणि दोरही येतो, बहुतेक कारखान्यांतला. बाजारकऱ्यानें दोराचें वेटोळें हातीं घ्यावें, ओढून पाहावें आणि भाव करावा, हा व्यवहार बदललेला नाहीं. बाजेचीही परीक्षा तशीच. बाज नवी घेतांना माणूस खूर पाहतो, दांड्या पाहतो, आणि मग हात टेकून दोराचा ताण पाहतो. कारण भार अखेर त्यालाच सोसावयाचा असतो. समाजाची परीक्षाही याहून निराळी नाहीं. चौकट किती नक्षीदार आहे याला महत्त्व थोडें. ज्यांनीं भार सोसला, त्यांना त्या चौकटीवर बसावयास जागा मिळाली कीं नाहीं, एवढेंच पाहावयाचें असतें.